थ्रॉटलला लावलेलं सील

भंडाऱ्यात साहेबांच्या माडीवर मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो आणि त्या सहा वर्षांत एकही गॅस सिलिंडर त्यांनी न मोजता वर चढू दिला नाही. सिलिंडरवाल्यानं खालून हाक मारली की मी दार उघडेपर्यंत साहेब बनियनवर, हातात ताणकाटा घेऊन जिन्याशी हजर. जिन्याखालच्या लोखंडी कडीला काटा अडकवायचा, काट्याला सिलिंडर टांगायचा, मग चष्मा पुसायचा, मग आकडा वाचायचा, मग सिलिंडरवर लिहिलेलं रिकामं वजन कागदावर वजा करायचं. तोंडी वजाबाकीवर त्यांचा विश्वास नव्हता. वर माझी डाळ अर्धकच्ची राहून गार झालेली असायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "साहेब, कॉलेजला उशीर होतोय. होऊ द्या ना थोडं कमीजास्त."

"मास्तर," काट्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "मोजल्याबिगर घेऊ नोका. मोजल्याबिगर बोलू बी नोका."

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत होतो. मोजण्याबद्दल मला कुणी शिकवावं याचा राग यायचा, आणि ते सांगत ते बरोबर असायचं याचा त्याहून जास्त.

साहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीची बातमी खात्याला पोचली होती, साहेबांना नव्हती. त्यांना लांबून येताना पाहिलं की बाजारातल्या भाजीवाल्या तराजूच्या दोऱ्या सरळ करायच्या. टपरीवर चहा आला की पेला डोळ्यांसमोर धरून चहा कुठवर आहे ते बघायचे आणि मगच ओठाला लावायचे. स्वतःकडे सायकलीशिवाय काही नसताना माझ्याबरोबर पेट्रोल पंपावर यायचे, पंपावरचं पाच लिटरचं माप मागवायचे आणि माझ्या मोटरसायकलीच्या नावानं तपासणी करायचे. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा गोंगाट, आणि मध्ये मी मान खाली घालून. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याचंही त्यांना वेगळंच दुःख. "अर्धी दुकानं तिकडं गेली. वाटनी करताना कोनी मोजलं का?" असं ते मला विचारायचे, जणू मीच वाटणी केली होती.

त्यांच्या टेबलावर एक किलोचं पितळी वजन असायचं. भंडाऱ्याचंच पितळ, रोज फडक्यानं पुसलेलं. एकदा त्यांना खूश करावं म्हणून मी म्हटलं, "हे अगदी बरोबर एक किलो असेल, नाही?"

"नाई."

"म्हणजे?"

"जगात कोनतंच वजन बरोबर नसते, मास्तर. कायद्यातच थोडा फरक सोडला रायते. तेवढ्यात बसलं तं पास, नाई बसलं तं जप्त. सोनाराले फरक लहान, किराण्याले जरा मोठा, लाकडाच्या टालावरच्या काट्याले त्याहून मोठा. मान्य फरक म्हनतेत त्याले."

मला आनंद झाला. मी लगेच विचारलं, फाटकाला नऊ वाजता कुलूप लागतं, त्याला मान्य फरक किती? परवा नऊ वाजून पाच मिनिटांनी आलो तर तुम्ही मला अर्धा तास फाटकाबाहेर उभं करून भाषण दिलंत. साहेबांनी पितळी वजन उचलून परत जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "फाटक वजन नाई."

अशा माणसाच्या घरात बाई कशी नांदली असेल, असा प्रश्न मला पडायचा. साहेबांच्या पत्नी मी आलो त्याच्या आधीच वारल्या होत्या. शेवटचं दीड वर्ष अंथरुणात होत्या आणि तेवढे दिवस त्यांना इंजेक्शन द्यायला वस्तीतल्या सिस्टर सायकलवर यायच्या. सिस्टर म्हणजे आमच्या भागातल्या निवृत्त परिचारिका. अर्ध्या वस्तीचे जन्म त्यांच्या हातावर झालेले. त्यांनीच मला सांगितलं, की रोज सिरिंज भरली की साहेब शेजारी उभे राहायचे. "मी बी मंग सिरिंज त्यायच्या डोळ्यापुढं धराची. वाचा जी साहेब, किती हाय? ते वाचाचे, मंगच मी टोचाची. बाई बिचारी हसाची." एकही दिवस खाडा नाही, पैशाचं नाव नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा संताप का झाला ते कळावं.

आमच्या वस्तीतून दरवर्षी दसऱ्याला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, सायकलींचा जथा नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा. साठेक किलोमीटर. सकाळी विहारासमोरून निघायचं, मौद्याला जेवायचं, दुपार कलल्यावर पोचायचं. जथा साहेबांनी तरुणपणी सुरू केला आणि पहिल्या वर्षापासून त्याची एक वही ठेवली. वहीत नावं असायची ती वयानं नाही, मानानं नाही, तर न चुकता केलेल्या वर्षांच्या क्रमानं. एक वर्ष चुकलं की माणूस यादीत तळाला, शेऱ्यात 'नवीन'. मग तो आजारी असो, की त्याच्या घरी लग्न असो. पहिलं नाव साहेबांचं, दुसरं सिस्टरचं. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून सिस्टर पहिल्यांदा जथ्याबरोबर गेल्या होत्या. त्या दुसऱ्या नंबरचा त्यांना केवढा अभिमान! पेन्शनचा कागद कुठं ठेवला ते विसरतील, नंबर विसरायच्या नाहीत.

माझं अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी मला जथ्याचा सचिव केलं. मला विचारलं नव्हतं.

भानगड सुरू झाली बॅटरीच्या गाड्या आल्यावर. एका वर्षी वस्तीतली तीन पोरं बॅटरीच्या स्कुटी घेऊन जथ्यात आली. स्कुटींना दोन्ही बाजूंना बोटभर पायडलं होती, जी कारखान्यातून निघाल्यापासून कुणी फिरवली नसावीत. साहेबांनी अडवलं तर पोरं म्हणाली, "साहेब, याले नंबर नाई, लायसन नाई लागत. सरकार म्हनते हे सायकलच हाय." साहेबांना त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. पोरं मूठ पिळत पुढं निघून गेली आणि आम्ही मौद्याला पोचलो तेव्हा तिथल्या विहारातल्या लोकांनी जथ्यासाठी केलेल्या पुऱ्यांची टोपली तळाला लागलेली होती. ढेकर देत पोरांनी आमचं स्वागत केलं.

साहेबांना पुऱ्या गेल्याचं काही नव्हतं. आपल्याजवळ उत्तर नव्हतं हे त्यांना लागलं. पुढचे दोन महिने त्यांनी कायदा वाचला. सायबर कॅफेतून नियम छापून आणले, लाल पेननं अधोरेखित केले, लॅमिनेट केले आणि मला खाली बोलावून समजावले. मला भूक लागली होती, पण पर्याय नव्हता. मोटर अडीचशे वॅटच्या आत आणि वेग ताशी पंचवीसच्या आत असेल तर गाडीला नंबर लागत नाही, लायसन लागत नाही, इथवर पोरांचं खरं होतं. "पन त्यात दोन जाती हायेत, मास्तर. एकीचं पायडल मारलं तं मोटर हात लावते, अन् पायडल थांबलं का मोटर थांबते. ते सायकल. दुसरीची मूठ पिळली का पाय हालवाची गरजच नाई. ते थ्रॉटलवाली. ते कायद्यात बसते, पन सायकलीत नाई बसत."

"मग आपल्या जथ्यात?"

"पायडल थांबलं का मोटर थांबली पायजे. लिहा वहीत."

मी लिहिलं. नियम मला पटला, हे कबूल करतो. त्या पुऱ्या मीही खाल्ल्या नव्हत्या.

पुढच्या पावसाळ्यात सिस्टरचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, हळूहळू चालवा, चांगलंच आहे. पण उभ्या सायकलला पहिला जोर लावून सुटायचं नाही. पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलानं बॅटरीची सायकल पाठवली. छान हिरवी सायकल, खरीखुरी पायडलं, पायडल मारलं की मोटर गुपचूप मदत करणारी. आणि उजव्या मुठीला थ्रॉटल. सिस्टर मूठ जराशी पिळायच्या, सायकल दहा पावलं आपोआप सुटायची, मग मूठ सोडून पायडल. दसरा जवळ आला तशा त्या ती सायकल घेऊन साहेबांच्या अंगणात आल्या. साहेबांनी सायकलभोवती एक फेरी मारली. चष्मा पुसला. मुठीला बोट लावलं.

"हे काय हाय?"

"थ्रॉटल होय जी. सुटासाठी."

"मंग जथ्यात नाई बसत."

मला वाटलं गंमत करताहेत. सिस्टरलाही तसंच वाटलं असावं, कारण त्या हसल्या. साहेब आत जाऊन लॅमिनेट केलेला कागद घेऊन आले तेव्हा त्यांचं हसू गेलं.

"मले फक्त सुटाले पायजे, साहेब. दहा पावलं. पुढं मी पायडलच मारतो."

"सुटताना पायडल थांबलं रायते का नाई?"

"रायते."

"अन् मोटर चालू रायते का नाई?"

शेजारचा एक जण म्हणाला, "सिस्टर, तुमी बसनं या ना, काय फरक पडते?" त्यावर त्या एकदम उसळल्या. "बसमधी तं सारेच जातेत! मी कायले जाऊ बसमधी? दुसरा नंबर हाय माझा. तळाले टाकता का मले, नवीन म्हून?" आणि सायकल ढकलत, लंगडत निघून गेल्या. मूठ पिळली असती तर चालत जायची गरज नव्हती. पण त्यांनी पिळली नाही.

मी त्या दिवशी साहेबांशी भांडलो. सहा वर्षांत एकदाच. मी म्हटलं, "साहेब, ती बाई दीड वर्ष तुमच्या दारात आली. ऊन नाही बघितलं, पाऊस नाही बघितला. आणि तुम्ही तिच्या दहा पावलांचा हिशोब करता? लाज वाटायला हवी." भाडेकरूनं घरमालकाशी असं बोलू नये, पण मी बोललो.

साहेबांनी पितळी वजन फडक्यानं पुसलं. म्हणाले, "दीड वर्ष नाई. पाचशे एकेचाळीस दिवस." मग म्हणाले, "तिच्यासाठी थ्रॉटल सोडलं, तं त्या पोरायले काय सांगू मी? तुमी सांगा. तुमी मास्तर हा."

मी दार आपटून वर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सिस्टरच्या घरी गेले, मला आणि वहीला बरोबर घेऊन. खिशातून बारीक तार, शिशाचा एक मणी आणि पक्कड काढली. तराजूला आणि पंपाला जसं सील लावतात तसं थ्रॉटलच्या मुठीला तार गुंडाळून ते सील लावणार होते. मूठ पिळली की तार तुटणार. "सरकारी छाप नाई याच्यावर," त्यांनी सिस्टरला गंभीरपणे सांगितलं, "तो मी निवृत्तीच्या दिवशी जमा केला. हे खाजगी सील हाय. मास्तर, तसं लिहा."

"अन् मी सुटू कशी?" सिस्टरनी विचारलं.

"मी धक्का देईन."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, मी सिस्टरकडे. साहेबांचं वय तेव्हा बहात्तर होतं. "दर वेळेस?" मी विचारलं.

"दर वेळेस. मानसानं मानसाले धक्का द्याले कायद्यात मनाई नाई. अन् दर धक्का वहीत लिहाचा, मास्तर."

सिस्टर "हव जी" म्हणाल्या. त्या हो म्हणाल्या याचं मला आश्चर्य वाटलं, पण त्यांना साहेब माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत होते.

त्या वर्षीचा जथा मी जन्मात विसरणार नाही, आणि विसरायची माझी फार इच्छा आहे. विहारासमोर वंदना झाली, निळे झेंडे लागले, चाळीस सायकली निघाल्या. साहेबांनी स्वतःची काळी चोवीस इंची स्टँडवर लावली, सिस्टरच्या सीटमागं हात ठेवला, दहा पावलं पळत धक्का दिला, सिस्टर सुटल्या. मग साहेब धापा टाकत परत आले, स्टँड काढला, टांग मारली आणि आमच्या मागून पायडल मारत सगळ्यांना गाठलं. मी वहीत लिहिलं: धक्का एक. शहापूरच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या. धक्का दोन. वाटेतल्या ठाणा गावी चहा. धक्का पाच. एका ट्रकनं कट मारला. धक्का सहा. दर वेळी साहेबांची सायकल उभी राहायची, स्टँड खटकन वाजायचा, साहेब पळायचे, परत यायचे. ती स्कुटीवाली तीन पोरं त्या वर्षी मुकाट साध्या सायकली घेऊन आली होती. त्यांतला एक म्हणाला, "साहेब, मी देतो ना धक्का." साहेब म्हणाले, "नियम माझा हाय, धक्का बी माझाच."

मी त्यांना सांगून बघितलं, सिस्टरनी सांगून बघितलं. "साहेब, माझा गुडघा बरा हाय आज, मी सुटतो," असं त्या दोनदा खोटं बोलल्या. साहेबांनी दोन्ही वेळा आधी गुडघ्याकडे बघितलं, सूज बघितली, आणि सीटमागं हात ठेवला. मला इतका वैताग आला होता की मौद्याच्या पुऱ्याही गोड लागल्या नाहीत. वाटलं, हा माणूस दयाळू असता तर एक सही करून मोकळा झाला असता. आणि दुष्ट असता तर निदान आम्हाला त्याला सोडून जाता आलं असतं.

जेवण झाल्यावर कन्हान नदीच्या पुलावर कोंडी झाली. नागपूरकडे जाणाऱ्या बसेस, ट्रक, टेम्पो, पायी निघालेले लोक, सगळं एकमेकांत अडकलेलं. चार हात पुढं, थांबा. सहा हात पुढं, थांबा. त्या एका पुलावर साहेबांनी अकरा धक्के दिले. अकराव्या धक्क्यानंतर ते आपल्या सायकलकडे परत आले नाहीत. पुलाच्या कठड्याला टेकून खाली बसले. शर्ट भिजून पाठीला चिकटला होता आणि तोंड राखेसारखं झालं होतं.

सिस्टरनी सायकल तशीच आडवी टाकली आणि लंगडत त्यांच्याकडे गेल्या. मनगट धरलं, घड्याळाकडे बघत मोजलं. छातीत दुखतं का, हात भरून येतो का, विचारलं. साहेब मान हलवून नाही म्हणाले. मग म्हणाले, "किती हाय?"

"मोजलं मी. सांगत नाई."

"सिस्टर, आकडा सांगा."

"आकडा ऐकून तुमी उभे रायता का? नाई ना? मंग बसा चुपचाप." पोरांनी पाणी आणलं, त्यांनी घोटघोट पाजलं, आणि मला म्हणाल्या, "मास्तर, यायले आता धक्का देऊ देऊ नोका. अन् मले धक्क्याबिगर सुटता येत नाई. मी बसनं जातो. लिहा माझं नाव तळाले."

माझा बांध फुटला. पुलावर, त्या गर्दीत, मी ओरडलो, "साहेब, तोडा ते सील! नाहीतर मी तोडतो!" मी खरंच मुठीकडे हात नेला. सिस्टरनीच माझा हात धरला. "तुमी नोका लावू हात. ते सील त्यायचं हाय."

साहेबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं शुद्ध गेली. पण ओठ हलत होते. मग डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "मास्तर, धक्के किती झाले?"

"एकोणतीस," मी वही बघून सांगितलं.

"पुढं गर्दी जास्त रायीन. पारडीपासून तं लयच. धरा साठ. एका सुटन्याले दहा पावलं. साठ दाहे साहाशे पावलं. म्हंजे मीटर?"

"चारशेच्या आसपास," मी म्हटलं. राग होता, तरी उत्तर आपोआप आलं. मास्तराची सवय.

"साठ किलोमीटरात चारशे मीटर. म्हंजे दीडशात एक." ते थांबले. श्वास घेतला. "सोनाराच्या काट्यात नाई बसत. किराण्याच्या बी नाई बसत." पुन्हा थांबले. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता आणि आमच्यातल्या कुणालाही पुढं जायची घाई नव्हती. शेवटी त्यांनी डोळे उघडले. "लाकडाच्या टालावर बसते."

"मंग मले लाकूड समजा," सिस्टर म्हणाल्या, "पन तोडा आता."

साहेबांनी खिशातून पक्कड काढली. ते बसूनच होते म्हणून मी सायकल त्यांच्याजवळ धरली. आयुष्यभर सीलं लावणाऱ्या माणसानं स्वतःचं सील स्वतः कापलं, शिशाचा मणी हातात घेऊन बघितला, खिशात टाकला, आणि वही मागितली. सिस्टरच्या नावापुढे वाहनाच्या रकान्यात 'सायकल' लिहिलं. शेऱ्यात लिहिलं: 'फरक मान्य.' खाली सही केली. मग वर गेले, पहिल्या नावाकडे, म्हणजे स्वतःच्या. तिथं लिहिलं: 'मौद्यापर्यंत सायकल. पुढे बस. जथ्यात धरू नये.'

"साहेब, हे काय?" मी म्हटलं. "तुम्ही सिस्टरना ढकलत आणलंत इथवर!"

"अर्धा रस्ता म्हंजे अर्धं वजन, मास्तर. अर्ध्या वजनाले कोनत्या कायद्यात फरक हाय?"

मौद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, दम लागलाय, पाणी कमी पडलंय, बाकी काही नाही म्हणाले. दोन पोरांनी त्यांना बसमध्ये बसवून नागपूरला नेलं. आम्ही पोचलो तेव्हा ते ठरलेल्या झाडाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सिस्टर थ्रॉटल पिळत, पायडल मारत, घामाघूम होऊन आल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. दर वर्षी जथा सायकलींसकट एक फोटो काढतो. सिस्टरनी चारचारदा हाक मारली, "या ना जी साहेब, मधात उभे राहा." साहेब आले नाहीत. पोराचा मोबाईल हातात घेऊन फोटो त्यांनीच काढला. त्यात आम्ही सगळे आहोत.

मला ते सहन झालं नाही. परत आल्यावर वही माझ्याकडेच होती. साहेबांच्या त्या नोंदीखाली मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: 'फरक मान्य. सचिव.' आणि वही खाली नेऊन दिली. त्यांनी ती उघडली असणारच, पण त्याबद्दल वर्षभर एक शब्द बोलले नाहीत. सिलिंडर मात्र मोजत राहिले.

पुढच्या दसऱ्याआधी त्यांनी मला खाली बोलावलं, नवी यादी लिहायला. वही उघडली. मी लिहिलेल्या शब्दांवर पट्टी लावून एक सरळ लाल रेघ मारलेली होती, आणि खाली त्यांच्या बारीक अक्षरात: 'न मोजता लिहिले.'

खोटं नव्हतं, मी मोजलं नव्हतं.

"लिहा," साहेब म्हणाले. "पयलं नाव सिस्टरचं." सिस्टर दारातच होत्या. "मले नोको जी तो नंबर," त्या म्हणाल्या. साहेबांनी ऐकलं नाही. मी एक नंबरला सिस्टरचं नाव लिहिलं आणि खाली एकेक करत उतरत गेलो, म्हातारे, बाया, मग ती स्कुटीची तीन पोरं. चाळीस नावं झाली. मी पेन ठेवून त्यांच्याकडे बघितलं. ते बोट ठेवून वाट बघत होते, चाळिसाच्या खालच्या ओळीवर. दात खाऊन मी तिथं त्यांचं नाव लिहिलं. वाहन, सायकल. आणि शेऱ्यात, त्यांनी सांगितलं म्हणून, लिहिलं: 'नवीन.'